तयारीचा वस्ताद

कोल्हापुरात एखाद्याची 'तयारी' चांगली आहे असं कुणी म्हणालं, की ऐकणारा आधी त्या माणसाची मान बघतो, मग कान. मान खांद्यात रुतलेली आणि कान मोडून भज्यासारखे झालेले असले, की तयारी खरी. आमच्या गल्लीतल्या वस्तादाची मान बगळ्याची आहे आणि दोन्ही कान शाबूत आहेत. तरी गेली चार वर्षं त्याची तयारी चालू आहे. ती एमबीएच्या सीईटीची.

वस्ताद हे त्याचं नाव नव्हे, पेठेनं दिलेली पदवी आहे. शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम. हीसुद्धा पदवीच, पण त्या नावानं त्याला अजून कुणी हाक मारलेली नाही.

"काय चाललंय?" म्हणून विचारलं, की वस्ताद खालच्या पट्टीत सांगतो, "तयारी." या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. रिकामा म्हणावं तर पोरगा सकाळी आठला अभ्यासिकेत जातो. कामाला म्हणावं तर पहिल्या तारखेला हात बापाच्याच खिशात. पूर्वी ही सोय फक्त स्पर्धा परीक्षावाल्यांना होती. आता सीईटीवालेही त्याच पंगतीत बसतात आणि स्थळं बघायला आलेले लोकही "मुलगा तयारी करतो" यावर माना डोलावतात. चहा संपेपर्यंत डोलावतात, एवढंच.

परीक्षेचा हिशेब त्याच्याकडून ऐकावा. प्रश्न 200, मिनिटं 150. त्यात तर्काचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. "तर्क आपल्यात जन्मजात हाय काका, पेठेत वाढलोय. आकृत्या म्हंजे बघायचंच काम. राहिलं काय? गणित आणि इंग्लिश. एका प्रश्नाला 45 सेकंद. खासबागेत एवढ्या वेळात पैलवान अजून माती चोळत असतोय!" शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून 1912 साली बांधलेलं हे मैदान वस्तादाच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला येतं. इंग्रजीचा उतारा ही खडाखडी, गणित म्हणजे गळ्याची पकड, आणि पर्सेंटाइल म्हणजे पंचांनी दिलेले गुण, जे कुणालाच पटत नाहीत.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे कळलं त्या दिवशी तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर दोन ग्लास जादा प्याला. प्रत्येक प्रश्नाला पर्याय पाच. म्हणजे डोळे मिटून सगळीकडं बोट ठेवलं तरी सरासरीनं 200 चे 40 कुठंच जात नाहीत. "चाळीस तर घरचेच हाईत," तो म्हणाला. मी विचारलं, "पण हे घरचे चाळीस सगळ्यांच्याच घरी असणार ना?" त्यावर त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर आमच्या पेठेत दुसऱ्या तालमीच्या फुटबॉल टीमला टाळ्या वाजवणाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते.

गणितात तो कच्चा आहे असं मात्र कुणी म्हणू नये. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. तिथं अठरा टक्के जीएसटी लावून बिल किती, हे वस्ताद कॅल्क्युलेटर खिशातून निघायच्या आत सांगतो. भिशी कितव्या महिन्यात उचलली तर फायद्यात पडते, रव्यामागं दर दहा रुपयांनी उतरला तर मामाच्या गुळात किती खोट, सगळं तोंडावर. पण हेच अठरा टक्के पुस्तकात आले की तो थबकतो, कारण पुस्तक त्याला पुरेशी माहिती देत नाही.

'अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच काम 18 दिवसांत करतो, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील?' उत्तर 7.2 दिवस. त्याला ते येतं, रीतही येते. पण तो पेन खाली ठेवतो. "काका, ब ला अठरा दिवस लागत्यात तर त्याला ठेवलाच का? कुणाचा पावणा हाय काय?" मी म्हटलं, असं धरून चालायचं असतं. "धरून कसं चालायचं? आमच्या वर्कशॉपात अ आणि ब एका मशीनवर लावलं की काम वीस दिवसांवर जातंय. पहिला दिवस चहात, दुसरा कुणाचं टूल कुणी घेतलं त्यात. आणि ते वरचं शून्य पूर्णांक दोन दिवस कोण येणार कामाला? त्याची हजेरी कशी लावायची?"

आगगाडीच्या गणिताचं तेच. दोन स्टेशनांत 300 किलोमीटर, दोन गाड्या ताशी 60 आणि 40 च्या वेगानं एकमेकींकडे निघाल्या, कधी भेटतील? तीन तासांनी. वस्ताद विचारतो, लाईन एकेरी का दुहेरी? "आमची मिरज-कोल्हापूर एकेरी हाय. त्यावर गाड्या भेटल्या तर उत्तर दुसऱ्या दिवशी पेपरात यील." शिवाय 1891 साली कोल्हापुरात रेल्वे आली ती इथंच थांबली, पुढं रूळच नाहीत. स्टेशनाच्या नावातच टर्मिनस आहे. "आमच्या गावात समोरनं गाडी येतच न्हाई काका. आपल्या पोरांवर हा अन्याय हाय. कोकण रेल्वेला जोडल्यावर हा प्रश्न विचारावा."

पण खरी कुस्ती लागली ती नळांवर. 'एक नळ टाकी 6 तासांत भरतो, दुसरा 8 तासांत रिकामी करतो.' दोन्ही चालू ठेवले तर टाकी 24 तासांत भरते. हे पाचवीपासून सगळ्यांनी सोडवलेलं गणित. वस्तादानं ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"कुठल्या वॉर्डात?"

"काय कुठल्या वॉर्डात?"

"नळ. बी वॉर्ड का ई वॉर्ड? सहा तास पाणी येतंय कुठं? काळम्मावाडीची थेट पाइपलाइन येणार येणार म्हणत आमची शाळा संपली, कॉलेज संपलं. आणि ह्यो गडी एक नळ भरायला लावून दुसरा सोडून बसलाय! ह्येच्या घरात कोण वडीलधारं हाय का न्हाई?"

मला इथं वस्तादाची बाजू घ्यावीशी वाटते. नळाचं पाणी घरात लहानपणापासून ज्यानं बादलीनं मोजलंय, त्याला हे गणित कोरडेपणानं सोडवता येऊ नये, यात वावगं काय? पण पंचेचाळीस सेकंद केव्हाच होऊन गेलेले असतात.

इंग्रजीची तयारी वेगळ्या वळणाची. त्यात त्याचं दैवत गोपाळ कृष्ण गोखले. गोखले कागलला शिकले, मग कोल्हापुरात. 1881 साली मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात गेले. पुढं पुण्यात इंग्रजीही शिकवलं आणि गणितही, शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तकही केलं. "म्हंजे बगा, इंग्लिश आणि मॅथ्स, दोन्ही. सीईटी असती तर टॉपर आपलाच!" गोखले इंग्रजी उतारेच्या उतारे पाठ करत, हे त्यानं कुठंतरी वाचलं आणि त्याच रात्री पाठांतर सुरू केलं. गोखल्यांनी उतारे घेतले होते. वस्तादानं शब्दयादी घेतली. रोज वीस शब्द, आणि शब्द वापरल्याशिवाय मुरत नाही या तत्त्वानं ते सगळे आमच्यावर.

पावसाळ्यात पंचगंगा चढली तेव्हा तो पुलावरून येऊन म्हणाला, "पाणी लय युबिक्विटस झालंय." मिसळीच्या गाडीवर कट कमी पडला तर "हे इनॲडिक्वेट हाय भावा." गाडीवाला बिचारा घाबरला, त्याला वाटलं अन्न खात्याचा माणूस आला. वडिलांनी एकदा "वर्कशॉपात बस जरा" म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, "मी सध्या रिलक्टंट हाय." वडिलांनी आईला विचारलं, "ह्येला ताप हाय काय?"

पण व्याकरणात त्यानं एक शोध लावला आणि त्यासाठी तरी त्याला कुठंतरी प्रवेश मिळायला हवा होता. कर्त्याप्रमाणं क्रियापद बदलतं, हा धडा चालू होता. क्लासच्या सरांनी मराठीचा दाखला दिला: तो आला, ती आली, मी आलो, मी आले. वस्तादानं हात वर केला. "सर, आमच्यात आई पण 'मी आलो' म्हणती. बहीण 'मी जेवलो' म्हणती. आज्जी 'मी देवळात जाऊन आलो' म्हणती." सर पुण्याकडचे, ते हसले. वस्ताद हसला नाही. "इंग्लिशमध्ये 'आय केम' बाई म्हणू दे न्हाईतर बाप्या म्हणू दे, एकच. म्हंजे सर, इंग्लिश मुळात कोल्हापुरी हाय. बाकीच्या महाराष्ट्रानं व्याकरण बिघडवलंय." सरांनी पुढचा धडा घेतला. गल्लीत मात्र ही बातमी आठवडाभर पुरली आणि पेठेतल्या दोन-तीन पोरींना इंग्रजीबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटू लागली.

वस्ताद नुसती तयारीच करतो, परीक्षेला बसत नाही, असा एक प्रवाद आहे. तो खोटा. तीनदा अर्ज भरला. एकदा आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच टायब्रेकरला गेली आणि घसाही गेला, झोपही गेली. पण एकदा तो पूर्ण अडीच तास बसून आला. निकालात 61 पर्सेंटाइल.

त्याचे वडील सकाळी अंघोळ करून आमच्या दारात, हातात पेढ्यांचा पुडा. "एकसष्ट पडलं! फर्स्ट क्लास!" त्या माणसाचं दहावीचं गाडं गणितातच रुतलं होतं आणि नंतर त्यानं दोन सुताचा फरक नजरेनं ओळखत आयुष्य काढलं. त्यांना कोण सांगणार, की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, एकसष्ट म्हणजे शंभर जणांत साधारण एकोणचाळीस पुढं निघून गेले, आणि चांगल्या कॉलेजांची दारं त्यांच्यातल्याच पहिल्या काहींनी भरून जातात? वस्ताद मागं उभा होता. खासबागेतलं एकही उदाहरण त्याला त्या वेळी सुचलं नाही. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "वा!" पेढा खरोखरच चांगला होता.

त्यानंतर पुन्हा तयारी. आता मात्र अभ्यासिकेत त्याच्याभोवती चार पोरं दिसायला लागली. एकाला शेकडेवारी समजत नव्हती, वस्तादानं भिशीवरून समजावली. दुसऱ्याला सरासरी, ती कबड्डीच्या टीमच्या वजनांवरून. स्वतः न सोडवलेल्या गणितावर त्याला इतक्या शंका आलेल्या असतात, की दुसरा कुठं अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक. त्या चौघांतले दोघं गेल्या वर्षी पुण्याला एमबीएला गेले. जाताना पाया पडून गेले. 'वस्ताद' पदवी तेव्हाची. कुस्तीतला वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमच्यानं सगळे देऊन टाकले, स्वतःला एकही उरवला नाही.

यंदा माझी पुतणी त्याच्याकडं जायची. परीक्षा गावाबाहेरच्या एका केंद्रावर होती; सकाळचा स्लॉट. मी रिक्षा ठरवणार तोवर वस्ताद स्प्लेंडर घेऊन हजर. वाटेत त्यानं तिला शेवटचे डाव सांगितले (मी मागून स्कूटरवर होतो, पण वस्तादाचा आवाज कोल्हापुरी असल्यामुळं मलाही शिकायला मिळालं): आधी इंग्रजी, उतारा वाचायच्या आधी प्रश्न वाच, न येणारं गणित पकडून बसू नको, आणि शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर बोट ठेव.

गेट बंद झालं. वस्ताद समोरच्या चहाच्या टपरीवर बसला आणि सवयीनं वहीत गणित सोडवायला लागला. मग खिशातून घडी घातलेलं एक हॉलतिकीट काढून त्यानं माझ्यासमोर धरलं. त्याचंच. दुपारचा स्लॉट, केंद्र हेच.

"अरे, मग आधी सांगायचंस! घरी जाऊन जरा वाचलं असतंस."

"वाचायचं काय राहिलंय काका," तो म्हणाला आणि आणखी एक कट चहा सांगितला.

अडीच तासांनी पुतणी बाहेर आली. चेहऱ्यावर काही कळेना. वस्ताद उठून उभा राहिला, मी गप्पच.

"दादा, नळाचं गणित आलं होतं."

"मग?"

"वॉर्ड विचारला नाही. टिक केलं आणि पुढं गेलो."

वस्तादानं तिच्याकडं बघितलं, हातातल्या हॉलतिकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं वळून, सरांनी न ऐकलेल्या त्या मुद्द्यावर, हळूच म्हणाला, "गेलो म्हणाली बगा."