लग्न साडेबाराचं, लागलं पावणेतीनला

मे महिन्यात परंड्यात घरोघरी ज्या पत्रिका येऊन पडतात, त्यांत दोन गोष्टी ठळक असतात : पुढाऱ्यांचे फोटो आणि मुहूर्त. त्यातले फोटो खरे असतात.

'लग्न' हे मुळात वेळेचंच नाव. 'लग्' म्हणजे चिकटणे. त्या घटकेला पूर्व क्षितिजाला जी रास चिकटलेली, ते लग्न. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणजे एकीच्या वाट्याला साधारण दोन तास. ती वेळ हुकू नये म्हणून पूर्वी पाण्याने भरलेल्या गंगाळात बुडाला भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, भरली. या घटिकापात्रावर डोळा ठेवायला माणूस बसलेला असे. असा माणूस आजही असतो. फक्त तो हातात माईक घेऊन बार्शी रस्त्याकडे बघतो. साहेब निघालेत म्हणे.

मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी साडेबाराला सिंह लग्न लागतं. साहेब येतात, फेटा होतो, शाल होते, नारळ होतो. मग आजी सभापती, माजी सभापती आणि माजी होऊ घातलेले. मग शुभाशीर्वादपर दोन शब्द, जे आजवर कुणीही दोनात आटोपलेले नाहीत. पावणेतीनला गुरुजी एकदाचे 'सावधान' म्हणतात, तोवर सिंह वर सरकून पूर्वेला कन्या आलेली असते. छापलेलं लग्न गेलं, लागलं ते दुसरंच! छत्तिसातले सतरा गुण जुळले म्हणून सोयरीक मोडणारे मामा यावर ब्र काढत नाहीत. ते फेट्याच्या रांगेत असतात.

'विवाह' शब्दाची तऱ्हा आणखी न्यारी. त्यात 'वह्' धातू आहे, वधूला वाहून नेणे. वाहतुकीच्या मुळाशीही हाच धातू. परण्या मारुतीला निघाला की सख्ख्या भावांपैकी एक दुसऱ्याला तासभर चौकात अडवून धरतो. परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापूरला नेली. ती उणीव डीजेवाल्यांनी व्याजासकट भरून काढली आहे.

कायद्याला मात्र ना रास लागते ना साहेब. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की जिथे सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. अक्षता पडताच वऱ्हाड पंगतीकडे धावलेलं असतं, त्यामुळे या पावलाला साक्षी उरतात गुरुजी, करवली आणि फोटोग्राफर. त्यातला फोटोग्राफर म्हणतो, "दाजी, नीट आलं नाही, परत एकदा टाका." आता हे सातवंच धरायचं की आठवं, याचा खुलासा कलमात नाही.