सुपाआडची लॉबी

आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची रात्र, आणि त्या रात्री त्याला अमेरिकेची फार काळजी वाटते. परवा म्हणाला, "मामाजी, इथली लोकशाही लॉबीवाल्यांनी गिळली. औषधवाले, बंदूकवाले, तेलवाले, सगळ्यांची पगारी माणसं खासदारांच्या मागं फिरतात. वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर खर्च होतो त्यांचा."

"एवढा नेमका आकडा तुले कोणी सांगितला?"

"त्यात सांगायचं काय? १९९५ चा कायदाच आहे. कोणी कोणाकडून किती पैसे घेतले आणि कोणत्या विधेयकावर कोणाला गाठलं, ते दर तीन महिन्यांनी लिहून द्यावं लागतं."

फोन कानापासून दूर धरून मी आधी हसून घेतलं. लिहून द्यावं लागतं! आमच्याकडे असं रजिस्टर निघालं तर पहिल्या तिमाहीत त्याला वाळवी लागेल आणि दुसऱ्या तिमाहीत वाळवीच्या फवारणीची निविदा निघेल. निवडणूक रोख्यांतली नावं बाहेर यायला सर्वोच्च न्यायालयाला १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल द्यावा लागला. ती यादी वाचून आमच्या चौकातला चहावाला एवढंच म्हणाला, "एवढे पैसे मोजून नाव लपवाची सोय नाही? मंग काय फायदा?"

लॉबी या शब्दाची अमेरिकेत एक गोष्ट सांगतात. अध्यक्ष ग्रँट संध्याकाळी विलार्ड हॉटेलात सिगार ओढत बसायचे आणि कामं घेऊन आलेले लोक तिथल्या लॉबीत ताटकळायचे, तिथून म्हणे हा शब्द आला. गोष्ट खोटी आहे, शब्द ग्रँटच्या आधीचा आहे. पण खोट्या गोष्टीतही धूर आहे, हे मला आवडलं. आमच्या जिल्ह्याची लॉबीसुद्धा धुरावरच उभी आहे.

बाहेरच्यांना गोंदिया माहीत असतो तांदळासाठी. पण १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळं होताना आम्ही धानाबरोबर बिडीही वाटून घेतली. मे महिन्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलात बाया उजाडायच्या आत तेंदूपत्त्याला जातात. अस्वलाला आणि वाघालाही नेमकी तीच वेळ सोयीची. सत्तर पानांचं एक पुडकं. पुढं ते पान भिजतं, कात्रीने कापलं जातं आणि कुठल्या तरी पडवीत, मांडीवरच्या सुपात तंबाखूशेजारी येऊन बसतं. सूप घेतलेल्या बाईची नजर बोटांवर नसते. ती दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत बोलत असते आणि बोटं आपली पान वळतात, तोंड दुमडतात, दोरा मारतात.

ही बाई आमच्या लॉबीची अध्यक्ष आहे. तिला तसं कोणी कळवलेलं नाही, इतकंच.

दिल्लीत बिडीवर कर वाढवायचा म्हटलं, की तिला उभं करतात. बिडीच्या बंडलावर कर्करोगाचं चित्र मोठं करायचं म्हटलं, की पुन्हा तिलाच. लाखो गरीब महिलांच्या पोटाचा प्रश्न! अमेरिकेतल्या कंपन्यांना असा चेहरा मिळवायला जाहिरात संस्था नेमाव्या लागतात. आमच्याकडे तो सुपासकट तयार आहे आणि त्याचं मानधनही द्यावं लागत नाही.

तिकडे लॉबीवाल्याला लोकप्रतिनिधीचं दार ठोठावावं लागतं. आमच्याकडे ते अंतर पूर्वीच मिटलं. मनोहरभाई पटेल बिडी उद्योगातले आणि गोंदियाचे आमदारही. त्यांचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल लोकसभा, राज्यसभा करत केंद्रात मंत्री झाले. त्यात बेकायदा काही नाही, आणि मनोहरभाईंनी काढलेल्या कॉलेजात शिकूनच आमच्यातले कित्येक जण अशी सदरं लिहिण्याइतके आगाऊ झाले. मी फक्त भाच्याला सांगतोय, की जिथे उद्योग आणि राजकारण एकाच ताटात जेवतात तिथे मधे वाढपी कशाला लागतो?

खरी गंमत २०१५ ची. आदल्या ऑक्टोबरात सरकारने अधिसूचना काढली होती, की १ एप्रिलपासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला हवा. हे नियम खासदारांच्या एका समितीपुढे गेले. समितीचे अध्यक्ष आपल्या अहमदनगरचे दिलीप गांधी. ते म्हणाले, तंबाखू वाईट हे सगळ्यांना मान्य आहे, पण तिने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, आहेत ते सारे परदेशी. त्याच समितीत अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता होते, स्वतः बिडीचे मोठे कारखानदार. त्यांचा सवाल असा, की साखर, भात, बटाट्याने मधुमेह होतो, मग त्यांच्यावर का नाही इशारा छापत? दोघेही आज हयात नाहीत, म्हणून जपून लिहितो. पण भाताचं नाव ऐकून आमच्या राइस मिलवाल्यांच्या पोटात गोळा आला असणार. तांदळाच्या कट्ट्यावर ८५ टक्के फोटो छापला तर 'एचएमटी' हे वाणाचं नाव कुठं लिहायचं?

आणि भारतीय अभ्यास? गोंदियाहून मुंबईची विदर्भ एक्सप्रेस रोज दुपारी सुटते. तिच्यात गळ्याला रुमाल गुंडाळलेला, मांडीवर फायलीची प्लास्टिक पिशवी सांभाळणारा कोणीतरी हमखास भेटतो. टाटा हॉस्पिटलला निघालेला असतो. ते हॉस्पिटल १९४१ पासून मुंबईतच आहे. पण स्लीपर कोचमधल्या माणसाला अभ्यास कोण म्हणणार!

नियम वर्षभर लांबला. समितीने अहवालात सुचवलं, की बिडीच्या बंडलावर एकाच बाजूला निम्मी जागा पुरे. शेवटी १ एप्रिल २०१६ ला ८५ टक्के लागू झाले, तेव्हा ही लॉबी हरली असं म्हणता येईल. पण हरण्याआधी अख्खं वर्ष खाऊन गेली. तारीख पुढे ढकलणं हीसुद्धा कमाईच असते, हे कोर्टकचेरी केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

भाच्याला मी म्हटलं, तुमच्याकडे १९९४ साली सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे हात वर करून शपथेवर म्हणाले, निकोटिनची सवय लागते असं आम्हाला वाटत नाही. चार वर्षांत कंपन्यांना ४६ राज्यांशी २०६ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली, आतले कागदही चव्हाट्यावर आले. आमचे कारखानदार कशाला शपथ घेतील? समितीत प्रश्न विचारायची खुर्चीच त्यांच्याकडे होती. वर, तुमच्या अन्न-औषध खात्याने २००९ च्या तंबाखू कायद्याखाली विक्री बंद करण्याचा पहिला आदेश काढला तो २०१४ साली, आणि तो कशावर? चार प्रकारच्या बिड्यांवर! एवढ्या मोठाल्या सिगारेट कंपन्या दारात उभ्या असताना पहिली छडी बिडीला. साता समुद्रापार गेली तरी बिडी गरिबाचीच राहिली.

आता अलीकडचा विजय. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट ४० टक्क्यांत टाकली, बिडी मात्र २८ वरून १८ वर आणली आणि तेंदूपत्ता १८ वरून ५ वर. कारण पुन्हा तेच, सुपावाली बाई. पण २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा एक उपकर रद्द झाला होता. हजार बिड्यांमागे ५ रुपये. हा पैसा बिडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, त्यांच्या पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी होता. तो गेला तेव्हा दिल्लीत कोणाला बाईची आठवण झाली नाही. त्या दिवशी बहुधा अध्यक्ष महोदया रजेवर होत्या.

रजेवर नसतात तेव्हा त्या डिसेंबरात नागपूरला जातात, विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन. मोर्चा मॉरिस कॉलेजजवळ पोलिसांच्या कठड्यापाशी थांबतो. तिथे डांबरी रस्त्यावर बसून घोषणा द्यायच्या, निवेदनाच्या पाच प्रती द्यायच्या, सोबत आणलेली चटणी-भाकर खायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचं. दुसऱ्या लॉबीची गाडी मंत्री उतरतात त्या रवी भवनाच्या फाटकातून आत जाते, तिला निवेदनाची एकही प्रत लागत नाही. धानाची भरडाई असो, रेतीचे घाट असोत, दारं हीच दोन.

फोन ठेवला आणि गल्लीतल्या अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, बाई, अभिनंदन, अठ्ठावीसचे अठरा झाले.

तिची बोटं थांबली नाहीत. "मंग हजारामागं आमाले किती वाढले?"

"ते वेगळं खातं आहे. पण दिल्लीत तुमचंच नाव निघते."

"खरं? मंग बंडलावर माहा फोटो लावला असन."

"फोटो आहे, पण दुसऱ्याचा. कॅन्सर झालेल्या माणसाचा."

तिनं पंचविसाची जुडी बांधली, दोरा दातानं तोडला. "त्याले तरी काही भेटते का?"