तिकीट काढलं कुणी?

या वहिनी, अशा पारिजातकाच्या बाजूला या, तिथे ऊन लागतंय तुम्हाला. पिशवी ठेवा भिंतीवर. मी गवारी मोडत मोडत बोलते, चालेल ना? तिकडून आल्यापासून निवांत बोलणंच झालं नाही आपलं. आधी ती दिवसाची रात्र, मग ह्यांचा खोकला, मग संक्रांत.

तर सांगायचं म्हणजे, मी टेक्सासात फुटबॉलची मॅच बघून आले. हसू नका हो! आपला फुटबॉल नव्हे. तो लांबुळका चेंडू बगलेत मारून, अंगावर चिलखत चढवून पळत सुटायचं. नाव फुटबॉल आणि पाय लावायचा सणासुदीला. मॅच मला रुपयातली चार आणे कळली. पण तिकिटं सोळा आणे कळली. मिरजेच्या रिझर्व्हेशन खिडकीमागे 28 वर्षं काढलीत मी, रांग बघितली की माझे हात शिवशिवतात.

धाकटी टेक्सास ए अँड एमला आहे ना, त्या गावाचं नावच कॉलेज स्टेशन. आणि नाव पडलंय ते खरोखरच आगगाडीच्या थांब्यावरून. मी ह्यांना म्हटलं, चला, माहेरी आले. स्टेडियम म्हणाल तर 1,02,733 माणसांचं. आपली तीन वानखेडे बसतील, आणि ते एका कॉलेजचं! हे तर आकडा ऐकूनच खाली बसले.

आता तिकिटांचं ऐका. मुलं वर्षाच्या सुरुवातीला पैसे भरून पास घेतात. पण पास म्हणजे जागा नव्हे. पास आहे म्हणजे गाडीत चढता येईल, बर्थ अजून मिळायचाय. ज्या शनिवारी मॅच, त्या आठवड्यात खिडकीवर जाऊन जागा काढून घ्यायची. ह्याला तिकडे ‘पुल’ म्हणतात. ओढायचं. आपण तरी काय, तिकीट ‘काढतो’च की! आणि वार ठरलेले. सोमवारी शेवटच्या वर्षाची मुलं आणि पदवीच्या पुढचं शिकणारी. मंगळवारी तिसरं वर्ष, बुधवारी दुसरं, गुरुवारी पहिलं. आधी येईल तो चांगली जागा घेईल, गुरुवारवाल्यांनी उरलंसुरलं गोड मानावं.

गंमत बघा. आमची धाकटी तिथे उतरली तेव्हा फुटबॉल कशाशी खातात ते तिला माहीत नव्हतं. पण एमएसला, म्हणून पहिल्याच आठवड्यात सोमवारच्या रांगेत! आणि तिथलंच एखादं पोरगं, आजोबांच्या वेळेपासून घरात त्या टीमच्या टोप्या, ते बिचारं पहिल्या वर्षाला म्हणून गुरुवारी. मला विचाराल तर पद्धत चोख आहे. वशिला नाही, पैशाचा जोर नाही. आज गुरुवारवाला असेल तो वर्षं पास होत गेला की सोमवारवाला होतोच. आपल्याकडे वेटिंगला असलं वचन कुणी दिलंय?

काय म्हणालात? रांग कशाला, मोबाइलवर का नाही? तिकीट शेवटी मोबाइलवरच येतं हो. पण ते काढायला स्वतःच्या पायांनी जायचं. तुमचं खरं आहे, बाकीच्या बऱ्याच कॉलेजांत सगळं घरबसल्या चालतं. पेन्सिल्व्हेनियात पेन स्टेट म्हणून आहे, तिथे मुलांची तिकिटं नेटवर निघतात, वर्गवार दिवस लावून, आणि मिनिटांत संपतात. आपलं तत्काळच म्हणा, दहाच्या ठोक्याला बसायचं आणि चक्र फिरताना बघायचं. पण एवढं करून तिथे खुर्चीला नंबर नाही. म्हणून पुढची ओळ मिळावी यासाठी मुलं तिकीट हातात असताना फाटकाबाहेर तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला नावसुद्धा आहे, निटनीव्हिल. कन्फर्म तिकीट काढून जनरलच्या डब्यासाठी पळायचं, असला प्रकार!

हे मला सांगितलं कुणी? सांगते, सांगते. त्याच्यावरच येतेय.

दिवाळीच्या आधीचा शनिवार, 26 ऑक्टोबर 2024, त्या दिवशी लुईझियानाच्या टीमशी मॅच. मोठी मॅच. धाकटी म्हणाली, आई, तू आलीच आहेस तर बघ एक. पाहुण्यांचं तिकीट वेगळे पैसे भरून मिळतं. मी म्हटलं, काढ. तर म्हणते, मी नाही काढत, ‘आमच्यातला एक जण’ काढणार आहे. बरं म्हटलं. आमच्यातला एक जण!

आदल्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, चल, फेरी मारून येऊ. आणि फेरीला जाताना डब्यात थालीपीठं भरून घेतली, वर लोण्याचा गोळा. थालीपीठं घेऊन कुणी शतपावली करतं का वहिनी? मी काही बोलले नाही. खिडकीवर बसून शिकलेय मी, समोरचा आपणहून सांगतो.

तिथे जाऊन बघते तर स्टेडियमच्या भिंतीला लागून ही रांग! तंबू काय, गाद्या काय, घडीच्या खुर्च्या काय. एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन गणितं सोडवतोय, एक मुलगी तोंड उघडं टाकून घोरतेय, तिच्या उशाशी बूट नीट जोडून ठेवलेले. आपल्याकडे रांगेत पिशवी, दगड, चप्पल ठेवून लोक चहाला जायचे ना, तशी तिथे रिकाम्या खुर्च्यांची माळ. मी धाकटीला म्हटलं, ह्या खुर्च्यांचे धनी कुठे गेले? म्हणाली, आई, तू रिटायर झालीयेस.

आणि त्या रांगेत, पहिल्या वीस-पंचविसात असेल, चादर गुंडाळून एक पोरगा बसलेला. आम्हाला बघून ताडकन उठला. वाकून नमस्कार. ‘काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात?’ वहीच्या कागदावर सहा नावं लिहिलेली त्याच्याकडे, सगळ्यांची तिकिटं तोच काढणार. आपल्या फॉर्मवरही सहाच नावं चालायची बघा. मी कागद मागून घेतला. सवय! पहिलं नाव आमच्या धाकटीचं. त्याचं स्वतःचं सहावं.

थालीपीठ खाता खाता त्यानेच ती पेन स्टेटची हकिगत सांगितली. आणि अलाबामाची तर ऐकाच. तिथे टीम इतकी जिंकायची की पोरं अर्ध्यातूनच उठून जायची. उन्हात कोण बसतंय, निकाल तर ठरलेला! त्यांचे तेव्हाचे कोच निक सेबन, मोठं नाव, ते ह्यावर जाहीरपणे चिडायचे. मग 2019 साली युनिव्हर्सिटीने मोबाइलवर एक अ‍ॅप दिलं. तुम्ही स्टेडियममध्ये आहात का, ते अ‍ॅप बघणार. आलात तर 100 गुण, आणि चौथ्या पावापर्यंत टिकलात तर वर 250. मॅचचे चार पाव असतात हो. ज्याचे गुण जास्त, त्याला पुढच्या मोठ्या सामन्यांची तिकिटं आधी. मी त्याला लगेच म्हटलं, अरे, मग मोबाइल मैत्रिणीकडे देऊन घरी जायला काय जातं? तो हसायला लागला. म्हणाला, काकू, तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला हव्या होतात.

पण वहिनी, मला ते काही रुचलं नाही. पैसे भरून तिकीट घ्यायचं आणि वर हजेरीही द्यायची? कीर्तनाला बसलेल्यांची कुणी हजेरी घेतं का? बुवा रंगले तर लोक बसतात, नाही तर चपला शोधतात.

तुमचा पुतण्या मिशिगनला होता ना? कुठल्या साली? 2013! मग त्याला विचारा, तो तो गोंधळ पुरता बघून आलाय. तिथे आधी मुलांना ठरलेल्या जागा असायच्या, जितका सीनियर तितकी चांगली. त्या वर्षी साहेबलोकांच्या मनात आलं, मुलं उशिरा येतात, तर नंबरच काढून टाका, जो आधी येईल तो पुढे बसेल. मुलं भडकली. तीन वर्षं वाट बघून जवळची जागा मिळायची वेळ आली आणि तेव्हाच नियम बदलला. आपल्या माणसाचं आरएसी कन्फर्म व्हायला आलं आणि चार्टच फाडला, तसं. पुढच्या वर्षी नंबर परत आणले, पण सीझनचा दर 295 डॉलर. मुलांनी पाठ फिरवली. त्याच 2014 साली तिथे कोकच्या दोन बाटल्या घेतल्या की मॅचची दोन तिकिटं, अशी जाहिरात निघाली. एवढं बोंबललं लोकांनी की लगेच मागे घेतली. ऑक्टोबर संपता संपता तिथले खेळखात्याचे प्रमुख राजीनामा देऊन गेले. कारणं आणखीही होती, पण मुलं दुखावलेली होती हे खरं. त्यानंतर दर आला 175 वर.

सोडा. मॅचचं सांगते.

जागा छानच मिळाली. पण बसायचं नाही! मी सवयीने टेकले, तर धाकटीने दंडाला धरून उठवलं. तिथे विद्यार्थी अख्खी मॅच उभ्याने बघतात. मी म्हटलं, मग नंबर कशाचा काढलास, पायांचा? तर त्यामागे गोष्ट आहे. 2 जानेवारी 1922 ला डॅलसमध्ये ह्या कॉलेजची मॅच होती. खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले आणि बदली माणसं संपत आली. किंग गिल नावाचा एक मुलगा टीमबरोबर नव्हता, वर बसून वार्ताहरांना मदत करत होता. कोचने त्याला खाली बोलावलं. त्याने कपडे बदलले आणि लागलोच तर असावं म्हणून शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला उभा राहिला. त्याला खेळावं लागलंच नाही, मॅच तशीच जिंकली. अकरा खेळाडू मैदानात आणि हा बारावा. तेव्हापासून सगळी मुलं बारावा गडी म्हणून उभी. शंभर वर्षं झाली, अजून कुणी बसलं नाही, आणि माझा गुडघा म्हणतोय, बाई, आपण तेरावे होऊ.

मग गाणं लागतं. त्यात एक वेळ अशी येते की सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डाव्या-उजव्या बाजूला झुलतात. आमच्या डोक्यावरचा सज्जा हलताना मी डोळ्यांनी बघितला! एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला कोण कुठली दांडगी पोरगी, तिच्या मानेत माझा हात. माझी पाण्याची बाटली पार पुढच्याच्या पायात.

अर्धी मॅच झाली तेव्हा आपण मागे, 17-7. आपण म्हणजे ते हो! मग बदली पोरगा आला खेळायला, मार्सेल रीड त्याचं नाव, चेंडू घेऊन स्वतःच पळायचा. तीनदा रेषा ओलांडली त्याने. शेवटी 38-23 ने जिंकलो.

आता जवळ या, आवाज वाढवायचा नाही मला. तिथल्या मुलांच्यात अशी रीत आहे की टीमने गुण केले की आपल्याबरोबर जो कुणी आलाय त्याचा मुका घ्यायचा. हो! भर स्टेडियममध्ये, हजारोंनी! पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं आपल्या पुढचंच जोडपं उतावळं आहे. मग मान वळवून बघते तर जिकडेतिकडे तेच.

आणि आमच्या ओळीत उभं कोण? मी, माझ्या पलीकडे धाकटी, तिच्या पलीकडे तो वहीच्या कागदवाला. मी धाकटीकडे बघितलं. धाकटी आभाळाकडे बघत होती, रात्री साडेसात वाजता. आणि तो पोरगा काय करतो? तिच्या डोक्यावरून माझ्याकडे वाकला, हात पुढे केला आणि म्हणतो, ‘काकू, टाळी!’

दिली मी टाळी. प्रत्येक वेळी दिली. तळवा लाल झाला माझा, पण एकदाही चुकवली नाही त्याने.

घरी येताना गाडीत मी सहज विचारलं, काय रे, तुला फुटबॉल फार आवडतो वाटतं? तर म्हणतो, नाही काकू, मी क्रिकेटवाला. मला ह्यातलं अजून नीट कळत नाही.

न कळणाऱ्या खेळाच्या तिकिटासाठी रात्रभर फरशीवर! 28 वर्षं खिडकीतून हेच बघत आलेय मी, फॉर्मवर स्वतःचं नाव शेवटी लिहिणारे.

ह्यांना अजून काही बोलले नाहीये. तुम्हीही भावोजींपाशी विषय काढू नका, ते लगेच ह्यांना फिरायला गेल्यावर विचारतील. पीएचडी करतोय, मेपर्यंत संपेल म्हणतो. लातूरचा आहे. तुमच्या धाकट्या नणंदबाई लातूरलाच दिल्यात ना? आडनाव सांगते मी तुम्हाला, पण आधी ती गवारीची पाटी इकडे सरकवा, आणि ह्यांनी टीव्ही बंद केलाय का तेवढं खिडकीतून बघून सांगा.