स्वस्तातला बर्फ

आमच्या भोकरदनच्या तरुण मंडळींचा स्कीइंगचा बेत ठरलाय, तोही काटकसरीत. गावाला रेल्वे नाही, म्हणून लालपरीने जालना, तिथून सचखंड एक्स्प्रेसने अंबाला. वाटेत काही स्टेशनांवर शीख बांधव लंगर वाढतात. सेवा त्यांची, बजेट आमचं! पुढे बसने मनाली, मग सोलंग.

सोलंगच्या रस्त्याला दुकानांची रांग. भाड्याने गमबूट आणि अंगभर कोट. कोटाच्या पाठीवर दुकानाचा नंबर रंगवलेला; माणूस हरवला तरी चालेल, कोट परत यायला हवा. आत आधीच्या गिऱ्हाइकाचा घाम, त्याचं वेगळं भाडं नाही. मग पायाला दोन पट्ट्या, काखेत गाईडचा हात, दहा पावलांची घसरगुंडी आणि मोबाइल भरेपर्यंत फोटो. इकडे चौकात फ्लेक्स तयारच: 'हिमवीरांचे हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक अर्थात समस्त मित्रमंडळ.

तसं बर्फाचं आम्हाला अप्रूप नसावं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने मराठवाड्यातली शिवारं पांढरी केली होती. घरपोच, बिनभाड्याने. फोटो तेव्हाही हवे होते, पंचनाम्याला जोडायला.