तीन कोटेशनं

डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तहहयात सेक्रेटरी असतो. निवडणूक कमिटीची होते, याची होत नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपासून पंपाच्या वॉशरपर्यंत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय तो एक रुपया सोडत नाही. अशा माणसाची दाढ किडते, तेव्हा तिलाही उपविधी लागू होतात.

गार पाण्याने कळ आली की आमचे सेक्रेटरी काका बायकोला सांगतात, "लिकेज आहे. वरून की खालून, ते बघायला हवं." पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशीपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी, हे ते झोपेतही बोलतील. साठी ओलांडलेला जबडा मात्र आजवर एकदाही तपासून घेतलेला नाही.

मग कोटेशनं. ठाण्याचं आलं, ते फेटाळलं: "तलावपाळीच्या गाळ्याचं भाडं माझ्या दाढेतून का वसूल करायचं?" कल्याणचं स्वस्त होतं, पण गॅरंटी नुसतीच तोंडी. तिसरी डॉक्टर त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात बसते. पण ती पडली सभासद! सभासदाला काम दिलं की विरोधक सभेत उठणारच. तोवर एका बाजूने चावायचं. आमच्याकडे एका बाजूने चावणारी माणसं इतकी आहेत की हा आता स्थानिक रिवाजच म्हणावा.

शेवटी वार्षिक सभेनेच निकाल लावला. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. सभा संपली, अल्पोपाहार आला आणि चकलीच्या पहिल्याच घासाला दाढेचा एक कोपरा निखळला. "आपत्कालीन दुरुस्ती" या सदराखाली स्वारी तळमजल्यावर उतरली.

"काका, इतके महिने काय केलंत?"

"दुखत नव्हतं ना!"

"वरच्या कवचाला नसाच नसतात, ते दुखणार कसं? दुखलं म्हणजे कीड आत पोचली. थोडक्यात वाचलात, नाहीतर रूट कॅनलच होतं."

काकांना चांदीच भरायची होती. वडिलांची शेवटपर्यंत टिकली होती म्हणे. त्या चांदीत निम्मा पारा असतो, हे ऐकल्यावर त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. मग ड्रिल सुरू झालं, तोंडात कापूस आणि लाळ ओढणारी नळी. सलग पाऊण तास सेक्रेटरींना हरकत घेता आली नाही. हे बघायला मिळालं असतं, तर चौथ्या मजल्यावरच्या थकबाकीदारानेही आनंदाने वर्गणी दिली असती.

दाताच्या रंगाचं सिमेंट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरलं आणि प्रत्येक थरावर वीस सेकंद निळा दिवा धरला. नळी निघताच पहिला प्रश्न आला, "वीस सेकंदांत क्युरिंग? स्लॅबला निदान सात दिवस पाणी मारतो आम्ही!"

"तुम्ही तासाभराने जेवलात तरी चालेल, फक्त बधिरपणा उतरू द्या. आणि डावीकडे वर आणखी एक कीड सुरू झालीय. आत्ता छोटी आहे, लगेच भरून टाकू."

काकांनी बधिर ओठ पुसला, पावती दोनदा तपासली आणि खुर्चीतून उतरताना म्हणाले, "एथ्टिमेट लेखी द्या. आणखी दोन मागवतो."