उपग्रह, मामा आणि काडेपेटीएवढी डबी

अंबरनाथ पश्चिमेत काहीही लपून राहत नाही. विम्को नाक्यावर घेतलेले बोंबील घरी पोचायच्या आत त्यांचा भाव सोसायटीत पोचलेला असतो. अशा गावात हयात घालवलेल्या माणसाने लपाछपीच्या आंतरराष्ट्रीय खेळात पडू नये. पण अमेरिकेतला भाचा सुट्टीला आला, जाता जाता वसईत एक डबी लपवून गेला आणि विमानतळावरून फोन करून म्हणाला, "मामा, जिओकॅशिंग! काडेपेटीएवढी आहे. दाखव शोधून." म्हणजे विम्कोच्या कारखान्याने जिथे उभ्या देशाला काडेपेट्या पुरवल्या, त्या गावच्या माणसाने काडेपेटी शोधायला वसईला जायचं.

या खेळाचा जन्मच गमतीदार आहे. सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम शंभरेक मीटरची चूक घालून ठेवत असे. २ मे २००० रोजी ती काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, एक गलोल होती आणि शिजवलेल्या घेवड्याचा डबा. आता जगभर अशा लाखो डब्या आहेत. सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी जागच्या जागी ठेवायची. अट एकच : आपण काय करतोय ते आजूबाजूच्यांना कळता कामा नये.

भाच्याने कळवलं होतं : १९ अंश १९.८ मिनिटं उत्तर, ७२ अंश ४८.९ मिनिटं पूर्व. खजिन्यात मिनिटांचं काय काम, म्हणून मी फोनमध्ये १९.१९८ आणि ७२.४८९ टाकलं. अक्षांश अगदी आमच्या अंबरनाथचा निघाला, पण जागा मुंबईच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत, अरबी समुद्रात.

"बोट करावी लागेल," मी हिला म्हटलं.

ही भूगोलाची निवृत्त शिक्षिका. "अहो, एका अंशात साठ मिनिटं असतात," ती म्हणाली. "नववीत काय करत होतात?" सोबत येतेस का विचारलं, तर माझे गुडघे आणि माझी अब्रू दोन्ही घरीच बरी, असं उत्तर मिळालं.

मिनिटं नीट भरल्यावर जागा वसईच्या किल्ल्यातल्या चर्चपाशी निघाली. दिव्याला गाडी बदलून वसई गाठली. किल्ल्यातलं सेंट जोसेफ चर्च हे पोर्तुगीजांच्या वसईचं मुख्य पॅरिश चर्च. १५४६ साली सुरू झालेलं, १६०१ मध्ये नव्याने बांधून काढलेलं. आता छप्पर नाही. भिंती आणि उंच मनोरा उभा आहे. मिनिटांचे शेवटचे आकडे भाच्याने गाळले होते, ते दारावरच्या शिलालेखातल्या सालातून काढायचे होते. पोर्तुगीज येत नसलं तरी आकडे येतात. ते भरले आणि फोनमधल्या बाणामागे निघालो.

जाड दगडी भिंतींवर उपग्रहांचे संदेश आपटून फिरतात, त्यामुळे बाण पावलागणिक मत बदलत होता. त्याने मला मनोऱ्याभोवती प्रदक्षिणा घालायला लावल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक मेणवलीच्या घाटावर आहे, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात. मणामणाच्या घंटा अडीच शतकांहून जास्त काळ कुठे आहेत ते शाळकरी पोरंही सांगतात. मला तळहातावरची डबी मिळेना.

शेवटी बाणाने घाणेरीच्या झुडपात बोट दाखवलं. मी रांगत आत शिरलो. बाहेर तोंड काढलं तर समोर लग्नाआधीचं फोटोशूट. "दादा, उशीर केलात! धरा," म्हणत फोटोग्राफरने माझ्या हातात चंदेरी पत्रा दिला. खेळाचं गुपित फुटू नये म्हणून मी तो धरला. अनोळखी नवऱ्यामुलाच्या गालांवर ऊन पाडत सूर्य कलेपर्यंत उभा राहिलो. तेवढ्यात फोनने मान टाकली.

मग आठवलं, संरक्षित वास्तूत असलं काही लपवता येत नाही; म्हणजे डबी बाहेर. किल्ल्याबाहेर एका टपरीवर चहा-वडापाव घेतला आणि बाकड्याखाली सहज वाटेल असा हात फिरवला.

"काका, ती डबी का?" टपरीवाला म्हणाला. "एक पोरगा बाकड्याखाली चिकटवून गेला होता. भिजेल म्हणून आत घेतली."

डबीतल्या बोटभर वहीच्या पहिल्या पानावर भाच्याचं सुबक इंग्रजी होतं. पुढे सगळी उधारी : 'रिक्षावाला दाढी – २ चहा', 'फोटोवाले – ६ कटिंग'. माझा फोन बंद, पाकीट घरी. टपरीवाल्याने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्यादेखत लिहिलं : 'टोपीवाले काका, अंबरनाथ – १ चहा, १ वडापाव.'

रात्री भाच्याला कळवलं, "डबी सापडली. वहीत रीतसर नाव नोंदवलंय." त्याने लगेच त्या पानाचा फोटो मागितला. खेळाच्या नियमाप्रमाणे वही जागेवरच ठेवावी लागते, एवढंच मी त्याला सांगितलं.