कलमकाका

भरवेलीच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बालाघाटहून बैहरकडे निघालात की पाच-सहा किलोमीटरवर मँगनीजची खाण लागते, तिच्या थोडं अलीकडे. आधार कार्ड, जातीचा दाखला, खसऱ्याची नक्कल, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले यांवर पोट चालतं. पण ज्याची मी खरी वाट पाहायचो ते गिऱ्हाईक एकच, कलमकाका. धंद्याच्या दृष्टीनं ते काही कामाचं गिऱ्हाईक नाही. बिल कधी चाळीस रुपयांवर गेलं नाही, आणि तेवढेही ते 'विरोध नोंदवून' द्यायचे. म्हणजे पैसे गल्ल्यावर ठेवताना मोठ्यानं म्हणायचे, "देतो, पण रेट मान्य नाही बरं का."

हे एकाच माणसाचं नाव समजू नका. दुकान टाकल्यापासून असे तीन-चार जण पाहिले, त्यांचे मिळून हे एक काका झाले. उकव्याच्या खाणीत एक आहे. तिरोडीला एक होता, तो रिटायर झाला. तिकडे भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गला दोन आहेत म्हणतात, आणि त्यांचं आपसात पटत नाही. पगाराचा करार जिथे होतो तिथे हा माणूस असतोच. तो युनियनचा पदाधिकारी नसतो. वाटाघाटीला नागपूरला त्याला कोणी नेत नाही. त्याच्याकडे फक्त मसुद्याची एक झेरॉक्स असते आणि ती त्यानं सगळ्यांच्या आधी वाचलेली असते.

काकांचा हुद्दा टिंबरमन. खाणीत खाली छताला लाकडाचे टेकू लावायचे, हे काम. आमची ही खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून सांगतात. चारशे मीटरच्या आसपास खोल. केजमधून तिथे उतरल्यावर जुनी माणसं पहिली गोष्ट करतात ती ही, की सब्बल घेऊन छत ठोकून पाहायचं. ठणठणीत वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं तर आत पोकळी आहे, बाजूला व्हा. काकांनी तीस वर्षं हेच केलं आणि त्यांची ती सवय वर येतानाही सुटली नाही. करारातलं प्रत्येक कलम ते माझ्या काउंटरवर मोठ्यानं वाचायचे, वाचून झालं की पेनाच्या टोपणानं काच दोनदा ठोकायचे, मान तिरकी करून जरा वेळ ऐकायचे, आणि म्हणायचे, "हे बद्द वाजते."

मी म्हणायचो, "काका, काच फुटंन."

"काच फुटली तर दिसते तरी. कलम फुटलं ते दहा वर्षं दिसत नाही."

त्यांचं कोणतंही बोलणं १८९६ पासून सुरू व्हायचं. तुम्ही विचारा, काका, या महिन्यात महागाई भत्ता किती वाढला? उत्तर असं : १८९६ मध्ये इंग्रजांनी सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट काढलं, त्याचं पुढे सीपीएमओ झालं, १९६२ मध्ये भारत सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून एक्कावन्न टक्के मालक झाले आणि एकोणपन्नास टक्के गोऱ्या कंपनीकडेच राहिले, ते १९७७ मध्ये सुटले. इथवर यायला एक फुल चाय लागायचा. २०१० मध्ये मॉयलचे, म्हणजे आमची खाण चालवणाऱ्या कंपनीचे, शेअर बाजारात आले तिथे दुसरा. महागाई भत्त्यापर्यंत फार थोडे लोक पोचले. मी दुकान सोडून जाऊ शकत नसल्यामुळे पुष्कळदा पोचलो.

काकांची एक खूण सांगतो, जी फक्त झेरॉक्सवाल्याला कळेल. मँगनीजची काळी भुकटी नखांत बसते ती साबणानं जात नाही. काकांनी मसुदा दोन दिवस घरी ठेवून परत आणला की पानापानाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचे काळे ठसे. मशीनमध्ये ते हुबेहूब यायचे. ज्या पानावर काका अडले ते पान काळं, सहज उलटलं ते स्वच्छ. 'फिटमेंट'चं, म्हणजे पगारवाढीचं, पान डागाळलेलं असायचं. 'भत्ते व सवलती'चं पान तर असं, की मजकूर दिसावा म्हणून मला शाई फिकी करावी लागायची. 'कामगारांनी पाळावयाची शिस्त' हे पान मात्र छापखान्यातून आलं तसं कोरं. उजवा कोपरासुद्धा दुमडलेला नाही. कॉपी एकाच बाजूनं काढायची ही त्यांची अट, कारण मागची बाजू हिशेबाला लागायची. खिशात दोन पेनं. निळं जोडायला, लाल खोडायला. लाल पेनाची रिफिल महिन्याला बदलावी लागायची. निळं अजून तेच आहे.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्यांना रामरक्षेसारखा पाठ. "सेटलमेंट अठराच्या एकखाली झाली, तर सह्या करणाऱ्या पार्ट्यांपुरतीच. पण लेबर कमिश्नरसमोर समझोता झाला, म्हणजे बाराचा तीन, तर अठराच्या तीननं सगळ्यांवर लागू. ज्यानं सही केली त्याच्यावर, ज्यानं नाही केली त्याच्यावर, उद्या जो पोरगा लागंन त्याच्यावर. गेटवरच्या कुत्र्यावर लागू होते का, एवढंच पाहायचं राहिलं."

एकदा नात्यातल्या एका साक्षगंधाला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी देण्याघेण्याची यादी वाचली. काकांना उगीच मान म्हणून विचारलं, तुमचं काही म्हणणं? काकांनी चष्मा लावला, कागद मागितला, चारदा वाचला आणि म्हणाले, "याच्यात मुदत नाही लिहिली." मांडवात शांतता. काका समजावून सांगू लागले. मुदत लिहिली नसेल तर कलम एकोणीसच्या दोनप्रमाणे समझोता सहा महिने बंधनकारक, त्यानंतर दोन महिन्यांची लेखी नोटीस दिली की कोणतीही पार्टी मोकळी. मुलीच्या मामानं त्यांना हाताला धरून जेवायला बसवलं. पोरांचा संसार चांगला चालला आहे. काका मात्र दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तिथे जातात आणि विचारतात, "नोटीस तर नाही ना आली कोणाची?"

आता २०२१ ची गोष्ट. मॉयलचा आधीचा पगार-करार २०१७ च्या जुलैअखेर संपला होता. २०१९ च्या मेपासून बेसिक आणि डीएवर बारा टक्के अंतरिम वाढ मिळत होती, बाकी वाट पाहणं. मग व्यवस्थापन आणि मान्यताप्राप्त मॉयल कामगार संघटन यांच्यातल्या सामंजस्य कराराची बातमी आली. फिटमेंट वीस टक्के, भत्ते वीस टक्के, आणि मुदत दहा वर्षं, १ ऑगस्ट २०१७ ते ३१ जुलै २०२७.

काका त्या मुदतीवर अडले. "दहा वर्षं! पाच असती तर २०२२ मध्ये पुन्हा बसलो असतो टेबलावर. दहा वर्षांत काय काय महाग होईल? गॅस होईल, पेट्रोल होईल, झेरॉक्स होईल." शेवटच्या शब्दाला माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या टपरीवर त्यांनी हाच पाढा लावला. रोज पहिली पाळी सुटली की पंधरा-वीस जण जमायचे आणि काका टोपणानं चहाचा ग्लास ठोकून सांगायचे, बद्द वाजते. यात एक रीत ठरलेली होती. काकांनी विरोध करायचा, बाकीच्यांनी म्हणायचं, "जाऊ द्या ना काका, जे मिळते ते घ्या," मग काकांनी हताश होऊन मान हलवायची, मग करार व्हायचा, मग काकांनी पुढचा करार होईपर्यंत म्हणायचं, "मी सांगतलं होतं." मागचे करार असेच पार पडले होते.

या वेळी रीत मोडली. आयटीआय करून लागलेली तरणी पोरं टपरीवर होती. त्यातला एक उठून म्हणाला, "काका बरोबर बोलून राहिले. दहा वर्षं कायले? आपण विरोध करू." दुसरा म्हणाला, "हव. चार वर्षं थांबलो, आणखी दोन थांबू." तिसऱ्यानं काकांच्या हातातला कागद घेतला, "काका, तुम्ही पुढे व्हा. तुम्ही म्हणाल तसं."

मी काउंटरवरून पाहत होतो. काकांचा हात ग्लासवर तसाच राहिला, टोपण ठोकायचं राहून गेलं. वीस जण एका सुरात हव म्हणाले आणि काकांनी मान तिरकी केली. खाली खाणीत करतात तशी. मला वाटतं, उभ्या आयुष्यात इतकं बद्द त्यांना काही वाजलं नसेल.

"थांबा जरा," काका म्हणाले. "विरोध म्हणजे काय तसाच विरोध नसते."

"म्हणजे?"

"वीस टक्के फिटमेंट काही वाईट नाही. आणि भत्त्याचेही वीस आहेत वरून."

"पण तुम्हीच म्हणाले, दहा वर्षं..."

"दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं कटकट नाही! बेट्या, तुझा गाडीचा हप्ता आहे ना? आणि तुझा, बालाघाटच्या प्लॉटचा? हे आज नाही घेतलं आन् फाइल पुन्हा दिल्लीच्या टेबलावर गेली, मग? २०१७ पासून थांबलो आपण. चार वर्षांची थकबाकी आहे. ती कोण सोडते?"

एका चहात काकांनी अख्खा करार पास करून घेतला. जे कलम सकाळी बद्द होतं ते दुपारी ठणठणीत वाजू लागलं. पोरं गोंधळून गेली. शेवटी तो पहिला म्हणाला, "बरं, तुम्ही म्हणता तर राहू द्या. होऊ द्या करार." तेव्हा कुठे काकांच्या चेहऱ्यावर रक्त परतलं. त्यांनी कागद परत घेतला, लाल पेन काढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण मुदतीच्या कलमाले माझा विरोध लिहून ठेवा."

दिवाळीच्या तोंडावर केंद्रीय पोलाद मंत्र्यांनी पगारवाढ जाहीर केली. सुमारे ५,८०० कर्मचाऱ्यांना लाभ, वर्षाला सुमारे ८७ कोटींचा भार, आणि ऑगस्ट २०१७ ते सप्टेंबर २०२१ ची सुमारे २१८ कोटींची थकबाकी एकरकमी. त्या संध्याकाळी काका दुकानात आले, कॅल्क्युलेटर मागितला आणि २१८ कोटींना ५,८०० नी भागलं. तीन लाख पंचाहत्तर हजार आठशे बासष्ट रुपये सात पैसे. हे सरासरीचं आहे, ज्याच्या त्याच्या बेसिकवर असतं, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी ज्याची त्याची रक्कम जमा झाली तेव्हा ते पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "सात पैसे सोडून दिले मी. बाकीचा हिशेब मांडणार."

हिशेब मांडला नाही. काकूंनी फ्रिज घेतला. काकांनी त्याचं वॉरंटी कार्ड माझ्याकडे आणलं. कंप्रेसरला दहा वर्षं आणि बाकी फ्रिजला एक, असं त्यात होतं. काकांनी 'दहा' या आकड्यावर बराच वेळ अंगठा ठेवला. रिटायरमेंट जवळ आली तरी ठसा काळाच उमटला.

रिटायर झाल्यावर ते रोज येऊ लागले. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात, त्यातलं एखादं घरघरत आमच्या डोक्यावरून जातं. २०२४ च्या एप्रिलमध्ये पेपरात आलं, की विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांना एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी नवा करार दिला, आधी महिन्याला सत्तर तासांची पगाराची हमी होती ती चाळीस तासांवर आली, वैमानिक नाराज झाले, रजेवर गेले आणि विमानं रद्द होऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी एअर इंडियाच्याही वैमानिकांच्या दोन संघटनांनी सदस्यांना नव्या अटींवर सही करू नका म्हणून सांगितलं होतं. दीड हजारांवर वैमानिकांनी सह्या करून थेट रतन टाटांना पत्र लिहिलं होतं.

काकांनी ती बातमी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचून म्हणाले, "काही न उडवता सत्तर तासांचे पैसे? आणि रडतात कायले?" दुसऱ्यांदा वाचून म्हणाले, "पण तीस तास कापले राजेहो. उडवलं तरच पैसा. पाऊस आला, धुकं आलं, तर काय हा जबाबदार?" तिसऱ्यांदा वाचताना टोपणानं काच ठोकली. पस्तीस हजार फुटांवर उडणाऱ्या आणि चौदाशे फूट खाली उतरणाऱ्या माणसाची पगाराची भीती एकाच जातीची असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विमानात कधी बसलो नाही, तेही नाहीत.

"यायचा मसुदा कुठे मिळंन?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्हाला काय करायचं आहे?"

"पहिले पाहा लागते, वैमानिकाले कायद्यानं कामगार धरतात का. धरत असतील तर कलम सांगतो. एखाद्यानं तरी वाचलं पाहिजे ना पूर्ण. सह्या तर सगळेच करतात."

आणि वर पाहून त्या घरघरणाऱ्या शिकाऊ विमानाला हात केला. मला वाटलं, टाटा करताहेत. ते म्हणत होते, "सही करशील, पण विरोध नोंदवून!"

गेल्या डिसेंबरात मात्र काका आठ दिवस आलेच नाहीत. आजारी असतील म्हणून मी घरी गेलो. काका ओट्यावर बसले होते, समोर कागदांचा ढीग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा कायदा गेला. बाराचा तीन, अठराचा एक, एकोणीसचा दोन, सगळे पाठ आकडे एका दिवसात बाद. "तीस वर्षांचं पाठांतर," काका म्हणाले, "आणि नोटीससुद्धा नाही दिली मले."

काकू आतून म्हणाल्या, "आता तरी सोडा जी. रिटायर झाले तुम्ही."

काकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. हातात नवी संहिता, एकच बाजू, सगळी पानं. शेजारच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतलेली आणि लाल पेनाच्या पाच रिफिली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी फक्त एक तारीख लिहिली होती : ३१ जुलै २०२७.